विश्लेषण : मोजणी, मुरूम आणि मंजुरी… धाराशिवच्या मोठ्या प्रकल्पांत प्रकल्प व्यवस्थापक नेमके काय करतो?

सोलापूरहून तुळजापूर, धाराशिवमार्गे येडशीकडे जाणारा ९८.७१७ किलोमीटरचा चौपदरी महामार्ग ९ जानेवारी २०१९ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते राष्ट्राला अर्पण झाला. याच पट्ट्यात सोलापूर-तुळजापूर-धाराशिव हा ८४.४४ किलोमीटरचा रेल्वेमार्ग मंजूर आहे. त्याचा सुरुवातीचा अंदाजित खर्च होता ९०४ कोटी ९२ लाख रुपये. निम्मा वाटा राज्याने उचलायचा. आता हा आकडा तीन हजार कोटींच्या पुढे गेला आहे. रेल्वेने थेट तुळजापुरात उतरून भवानीचे दर्शन घेण्याची भाविकांची वाट पाहणे मात्र संपलेले नाही.

जिल्ह्यात काम काही एवढेच नाही. उजनीचे पाणी आणणारा कृष्णा-मराठवाडा सिंचन प्रकल्प आहे. पवनार ते पत्रादेवी असा ८०२ किलोमीटरचा आखलेला शक्तिपीठ महामार्ग आहे आणि त्याच्या मोजणीला शेतकऱ्यांचा विरोधही आहे. तुळजाभवानी मंदिर परिसराचा १,८६५ कोटींचा विकास आराखडा मंजूर झाला आहे. भूम-वाशीच्या माळावर पवनचक्क्या उभ्या राहत आहेत. एवढे सगळे दारात असताना धाराशिव आणि तुळजापूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून सिव्हिलची पदवी घेतलेली मुले शेवटच्या पेपरनंतर पुण्याची गाडी पकडतात. इथल्या कामांवर मोठ्या पदावर बसलेला माणूस बहुतेक वेळा बाहेरून आलेला असतो. असे का होते, आणि त्या पदापर्यंत पोहोचायला नेमके काय यावे लागते?

प्रकल्प व्यवस्थापक म्हणजे कोण?

एकाच रस्त्यावर ‘प्रकल्पाचा प्रमुख’ म्हणवणारे तीन जण असू शकतात. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा प्रकल्प संचालक हा मालकाच्या बाजूचा. ठेकेदार कंपनीचा प्रोजेक्ट मॅनेजर हा काम करून देणाऱ्या बाजूचा. या दोघांच्या मध्ये सल्लागार कंपनीचा टीम लीडर, जो दर्जा तपासतो आणि बिलावर सही करतो. नोकरीच्या जाहिरातीत ‘प्रोजेक्ट मॅनेजर’ लिहिले असेल, तर ते बहुतेक वेळा दुसऱ्या प्रकारचे पद असते.

साइट इंजिनिअर आणि प्रोजेक्ट मॅनेजर यांच्यातला फरक अनुभवाच्या वर्षांपेक्षा त्यांच्या प्रश्नांत दिसतो. साइट इंजिनिअर संध्याकाळी विचारतो, आज किती मीटर झाले? प्रोजेक्ट मॅनेजर विचारतो, पुढच्या महिन्यात काम करायला मोकळी जागा कुठे आहे? काँक्रीटचा दर्जा, सळईचे वेळापत्रक, यंत्रे, मजूर, आरए बिल हे सगळे त्याच्याकडे असतेच. पण त्याचा खरा वेळ ज्या वहीवर जातो तिला साइटवर ‘हिंडरन्स रजिस्टर’ म्हणतात. कोणत्या साखळीपासून कोणत्या साखळीपर्यंत, कोणत्या तारखेपासून, कशामुळे काम अडले आहे, याची ही नोंदवही. महावितरणचा खांब, पाणीपुरवठ्याची जलवाहिनी, विहिरीचा मोबदला, झाडतोडीची परवानगी, सगळे त्यात. मुदतवाढ मागताना किंवा भरपाईचा दावा करताना हीच वही पुरावा म्हणून पुढे येते. कॉलेजात चार वर्षांत हिचे नाव मी एकदाही ऐकले नव्हते.

जमिनीची फाइल पहिली का?

महामार्गाच्या करारात ‘अपॉइंटेड डेट’ नावाची एक तारीख असते. कामाची मुदत त्या दिवसापासून मोजली जाते. हायब्रिड ॲन्युइटी पद्धतीच्या कामात साधारण ८० टक्के आणि ईपीसी पद्धतीच्या कामात ९० टक्के जमीन हाती असल्याशिवाय ही तारीख जाहीर करायची नाही, असा दंडक आहे. म्हणजे उरलेली दहा-वीस टक्के जमीन काम चालू असताना मिळवायची. ती कधीच सलग नसते. पुलाच्या एका टोकाला एक गट, वळणावर दुसरा, गावाजवळ तिसरा.

राष्ट्रीय महामार्ग कायदा १९५६ मध्ये ‘३ अ’ची अधिसूचना निघाली की २१ दिवसांत हरकती घ्यायच्या असतात. त्यानंतर वर्षभरात ‘३ ड’ची घोषणा झाली नाही, तर आधीची अधिसूचना बाद होते. रेल्वेच्या विशेष प्रकल्पांसाठी रेल्वे कायद्यात ‘२० अ’पासून पुढची अशीच कलमे आहेत. तिथे हरकतीला ३० दिवस, घोषणेला एक वर्ष आणि घोषणेनंतर निवाड्याला पुन्हा एक वर्ष. एखादी तारीख हुकली की मोजणीपासून सगळे पुन्हा करावे लागू शकते, आणि तोवर जमिनीचे दर वाढलेले असतात. प्रकल्पाची किंमत वाढली की आपण सिमेंट-लोखंडाकडे बोट दाखवतो. वाढलेल्या खर्चातला मोठा भाग पुष्कळदा अशा हुकलेल्या तारखांत असतो.

धाराशिवमध्ये यात आणखी एक गाठ आहे. हा जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे इनामी, मदतमाश, खिदमतमाश, देवस्थानच्या अशा जुन्या जमिनींचा वारसा सातबाऱ्यावर आजही दिसतो. भोगवटादार वर्ग १ की वर्ग २, यावर मोबदला कोणाला आणि किती हे ठरते. वर्ग २ असेल तर शासनाच्या हिश्श्याचा आणि परवानगीचा प्रश्न येतो. गेल्या काही वर्षांत जिल्ह्यात हा विषय आंदोलनांपर्यंत गेलेला आहे. बाहेरून आलेल्या व्यवस्थापकाला हे समजून घ्यायला सहा महिने लागतात. इथल्या शेतकऱ्याच्या इंजिनिअर मुलाने घरातल्या वाटणीच्या भांडणात ते आधीच ऐकलेले असते.

संयुक्त मोजणीचेही तसेच. भूमी अभिलेखचा माणूस, भूसंपादन कार्यालयाचा माणूस, प्रकल्पाचा प्रतिनिधी आणि शेतकरी एकत्र बांधावर उभे राहतात. विहीर, बोअर, पाइपलाइन, आंब्याची झाडे, गोठा यांची नोंद त्याच दिवशी व्हावी लागते. त्या दिवशी पाइपलाइन सुटली, तर दोन वर्षांनी तीच पाइपलाइन जेसीबीसमोर आडवी येते आणि सोबत अख्खे गाव येते. मोबदला मान्य नसलेला शेतकरी लवादाकडे जाऊ शकतो, तो त्याचा हक्क आहे. पण नोंदच नसलेल्या गोष्टीसाठी लवादाकडे तरी काय मागणार?

पर्यावरण परवानगी कोणाला लागते, कोणाला नाही?

इथे सर्वात जास्त गैरसमज आहेत. देशातील पर्यावरण मंजुरीची चौकट १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेत आहे. तिच्या परिशिष्टात कोणत्या प्रकारच्या आणि किती मोठ्या प्रकल्पाला मंजुरी लागेल हे दिले आहे. त्या परिशिष्टात रेल्वेमार्ग नाहीत. म्हणजे सोलापूर-धाराशिव रेल्वेसाठी अशी पर्यावरण मंजुरी घ्यावी लागत नाही. नवा राष्ट्रीय महामार्ग मात्र या यादीत येतो. असलेल्या महामार्गाचे रुंदीकरण असेल, तर २०१३ च्या दुरुस्तीनंतर १०० किलोमीटरपेक्षा जास्त लांबी आणि ठरावीक रुंदीपेक्षा जास्त नवी जमीन अशा दोन्ही अटी लागतात. वर सांगितलेल्या महामार्गाची लांबी आठवून पाहा : ९८.७१७. प्रकल्प व्यवस्थापकाला असा आकडा दिसला की तो आधी अधिसूचना उघडतो, ती यासाठी.

इमारतींना २० हजार चौरस मीटर बांधकामापासून पुढे मंजुरी लागते. सिंचन प्रकल्पात लाभक्षेत्राच्या हेक्टरवर ठरते. ५० हजार हेक्टरच्या पुढे विषय दिल्लीला जातो, खाली असेल तर राज्यस्तरीय प्राधिकरणाकडे. पवनचक्की आणि सौर प्रकल्प या परिशिष्टात नाहीत. त्यामुळे माळावरच्या पवनचक्क्यांवर जे वाद होतात ते जमिनीचे, रस्त्याचे, पिकाच्या नुकसानीचे असतात. पर्यावरण मंजुरीच्या फाइलमध्ये ते सापडणार नाहीत.

पण ‘मंजुरी लागत नाही’ हे ऐकून जो व्यवस्थापक निश्चिंत झाला, त्याचे दिवस भरले समजा. वनजमीन लागत असेल तर १९८० च्या वन कायद्याखाली वेगळी परवानगी, मग तो रेल्वेमार्ग का असेना. २०२३ च्या दुरुस्तीनंतर या कायद्याचे नाव बदलले, काम तेच आहे. अभयारण्याचा भाग असेल तर वन्यजीव मंडळ. येडशीजवळचे रामलिंग घाट अभयारण्य जेमतेम २२ चौरस किलोमीटरचे आहे, पण त्याच्या आसपास काही आखायचे तर नकाशावर आधी त्याची हद्द टाकावी लागते. शिवाय स्टोन क्रशर, हॉट मिक्स प्लांट, काँक्रीटचा बॅचिंग प्लांट यांना महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची उभारणीची आणि चालवण्याची अशा दोन वेगळ्या संमती लागतात. अर्धे साइट इंजिनिअर या दोन संमतींना एकच समजतात.

मुरूम कुठून आणायचा?

हा भाग थोडा सविस्तर सांगतो, कारण कागदावरचा नियम साइटवर कसा येऊन आदळतो हे यात सर्वात स्पष्ट दिसते.

महामार्ग असो वा रेल्वे, भराव लागतोच. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून ती काढून चांगला मुरूम टाकावा लागतो. पूर्वी ठेकेदार जवळचा माळ पाहायचा, शेतकऱ्याशी बोलायचा, तहसीलला रॉयल्टी भरायचा आणि पोकलेन लावायचा. २७ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दीपक कुमार प्रकरणात गौण खनिजाच्या लहान खाणींनाही पर्यावरण मंजुरी हवी, असे सांगितले. पुढे २८ मार्च २०२० रोजी केंद्राने रस्ते, रेल्वे, कालवे अशा लांबट प्रकल्पांसाठी साधी माती उचलायला मंजुरीतून सूट दिली. मोठा दिलासा वाटला. २१ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तीच सूट रद्द केली. जनतेच्या हरकती न मागवता ती दिली होती आणि ‘लांबट प्रकल्प’ म्हणजे काय हेही सांगितलेले नव्हते, असे न्यायालयाचे म्हणणे. त्यानंतरही नियम बदलले आहेत.

आता कल्पना करा, ज्याने सूट गृहीत धरून वर्षभराचे भरावाचे वेळापत्रक प्रायमाव्हेरात बसवले होते त्या प्लॅनिंग इंजिनिअरचे काय झाले असेल. सॉफ्टवेअर त्याला येत होते. अधिसूचनेची तारीख त्याने पाहिली नव्हती.

याच प्रश्नावर महाराष्ट्रात एक शहाणे उत्तरही निघाले आहे. बुलढाणा जिल्ह्यात महामार्गासाठी लागणारी माती-मुरूम गावतलाव, नाले, बंधारे खोल-रुंद करून काढण्यात आला. रस्त्याला भराव मिळाला, गावाला पाणीसाठा मिळाला. ‘बुलढाणा पॅटर्न’ म्हणून तो पुढे राज्यभर आणि देशात चर्चेत आला. यात कुठेही नवे तंत्रज्ञान नव्हते. जलसंधारण, महसूल, महामार्ग आणि ग्रामपंचायत अशा चार टेबलांवर एकाच महिन्यात फाइल फिरवणारा कोणीतरी लागत होता. टँकरची सवय असलेल्या धाराशिवमध्ये असा माणूस कंपनीलाही हवा असतो आणि गावालाही.

जनसुनावणीत मराठी इंजिनिअरचे काय काम?

ज्या प्रकल्पांना पर्यावरण मंजुरी लागते त्यातल्या अनेकांना जनसुनावणी बंधनकारक असते. ती प्रदूषण नियंत्रण मंडळ घेते. जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकाऱ्यापेक्षा कमी दर्जाचा नसलेला त्यांचा प्रतिनिधी अध्यक्षस्थानी असतो. किमान ३० दिवस आधी वृत्तपत्रांत सूचना द्यावी लागते. गणसंख्येची अट नाही. पाच माणसे आली तरी सुनावणी होते, पाचशे आली तरी होते. शेवटी झालेल्या चर्चेचा गोषवारा स्थानिक भाषेत वाचून दाखवावा लागतो.

अहवाल पाचशे-हजार पानांचा, इंग्रजी. मराठीत येतो तो त्याचा सारांश. मी असे काही सारांश वाचले आहेत. ‘धूलिकण’, ‘भूजल पुनर्भरण’ वगैरे शब्द आहेत, पण माझ्या विहिरीचे पाणी आटेल का या प्रश्नाचे उत्तर त्यातून शेतकऱ्याला मिळत नाही. वाक्ये यंत्रातून काढल्यासारखी असतात. मग सुनावणीत आवाज चढतात, आणि कंपनीकडून उत्तर द्यायला उभा राहिलेला तज्ज्ञ हिंदीत ‘सब नॉर्म्स के अंदर है’ म्हणतो. इथे जो इंजिनिअर भूजलाचा तक्ता वाचू शकतो आणि तोच माहिती परंड्याच्या माणसाला त्याच्या बोलीत सांगू शकतो, खोटे आश्वासन न देता, त्याची किंमत कंपनीला त्या दिवशी कळते. गावालाही कळते. प्रश्न विचारणाऱ्या बाजूलाही असा एखादा माणूस असावा, हे माझे वैयक्तिक मत.

किल्लारीच्या भूकंपानंतर या भागाने हे एकदा पाहिले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात लातूरसोबत आपल्या जिल्ह्यातील सास्तूर आणि परिसराची मोठी हानी झाली. जागतिक बँकेच्या मदतीने पुनर्वसनाचा जो कार्यक्रम झाला त्यात ५२ गावे नव्या जागी वसवली गेली आणि शेकडो गावांत घरे जागेवरच दुरुस्त झाली. त्या दुरुस्तीच्या कामात गावोगावच्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमले होते. शासनाचा हप्ता का अडला, लोखंड कुठे वापरायचे, इंजिनिअरची सही कशासाठी, हे त्या घरोघर समजावत. आज मोठ्या कंपन्या याच कामासाठी ‘स्टेकहोल्डर मॅनेजर’ नेमतात.

शिकायचे काय आणि कुठे?

पदवीनंतरची पहिली तीन-चार वर्षे साइटवर गेलीच पाहिजेत, यात तडजोड नाही. लेव्हल, सळई, स्लम्प हाताखालून न गेलेल्या व्यवस्थापकाला मुकादमही मोजत नाही. त्यानंतर वाटा फुटतात.

एक वाट नियोजनाची : प्लॅनिंग इंजिनिअर, उपव्यवस्थापक, व्यवस्थापक. इथे प्रायमाव्हेरा किंवा एमएस प्रोजेक्ट लागते. पीएमपी हे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र अनेक कंपन्या विचारतात. त्यासाठी चार वर्षांची पदवी असलेल्याला ३६ महिन्यांचा प्रकल्प हाताळण्याचा अनुभव आणि ३५ तासांचे प्रशिक्षण दाखवावे लागते, म्हणजे शेवटच्या वर्षाला असताना त्याची फी भरायची घाई करू नका. पुण्याची निकमार संस्था बांधकाम व्यवस्थापनाचे शिक्षण देते, पण फीचा हिशेब घरी बसून नीट करावा.

दुसरी वाट पर्यावरणाची, आणि सिव्हिलची मुले तिच्याकडे फार कमी बघतात. पर्यावरण आघात अहवाल कोणीही लिहू शकत नाही, सल्लागार संस्थेला ‘नॅबेट’ची मान्यता लागते. या संस्थांत हवा, पाणी, आवाज, भूजल, सामाजिक परिणाम अशा विषयांचे मान्यताप्राप्त तज्ज्ञ असतात आणि त्यांच्यावर समन्वयक. मंजुरी मिळाली की काम संपत नाही. अटी पाळल्याचा अहवाल दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला, द्यावा लागतो. तो लिहिणारा माणूस साइटवर हवा असतो. सगळे अर्ज ‘परिवेश’ या केंद्राच्या संकेतस्थळावर जातात. तिथली मंजुरीपत्रे आणि बैठकांची इतिवृत्ते कोणालाही फुकट वाचता येतात. एखाद्या महामार्गाचे मंजुरीपत्र घेऊन त्यातल्या प्रत्येक अटीपुढे ‘हे साइटवर कोण करणार’ असे पेन्सिलीने लिहिले, तर महिनाभरात निम्मा अभ्यासक्रम होतो.

तिसरी वाट सरकारी. महामार्ग प्राधिकरणात उपव्यवस्थापक (तांत्रिक) पदासाठी गेटचे गुण उपयोगी पडले आहेत, एमपीएससीची स्थापत्य सेवा आहे, प्रदूषण नियंत्रण मंडळात क्षेत्र अधिकारी असतात. तिथेही फाइल तीच, फक्त टेबलाची बाजू बदलते.

एक गोष्ट मात्र कळत नाही. तुळजापुरात अभियांत्रिकी महाविद्यालय आहे आणि त्याच गावात टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे ग्रामीण केंद्रही आहे. एकीकडे काँक्रीट शिकवतात, दुसरीकडे गाव. दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना एकाच मोजणीला बांधावर उभे करणे अवघड नसावे.

रोलर उभा राहिला तेव्हा

पदवीनंतर काही महिने मी एका रस्त्याच्या कामावर होतो. कंपनी आणि गाव सोडून देऊ. एका गटापाशी काम थांबले. पुढे-मागे भराव तयार, मधला दीडशे मीटरचा तुकडा तसाच. रोलर उभा, ग्रेडर उभा, ऑपरेटर झाडाखाली झोपलेले. आम्ही तीन इंजिनिअर रोज ‘जमिनीचा इश्यू’ एवढेच रिपोर्टमध्ये लिहीत होतो.

कॅम्पवर महसूल खात्यातून निवृत्त झालेले एक काका लायझनिंगला होते. एका सकाळी त्यांनी जीपच्या बॉनेटवर सातबारा पसरला आणि मला म्हणाले, “इंजिनिअर साहेब, भोगवटादार कोण आहे ते वाचा आधी.” मी नाव वाचले. ते गृहस्थ वारून नऊ वर्षे झाली होती. वारसांची नोंदच झाली नव्हती, म्हणून मोबदल्याचे पैसे कोणाच्या खात्यावर टाकायचे हा प्रश्न होता. मुले पुण्याला, एक मुलगी लातूरला दिलेली, धाकट्याचे थोरल्याशी बोलणे नाही. काकांनी तिघांनाही फोन केले. ‘ताई, तुमची सही लागते, हक्क सोडायचा नाही, हक्क लावायचा आहे,’ हे वाक्य त्यांनी लातूरच्या बाईंना चार वेळा समजावले. अर्ज झाला, तलाठ्याने फेरफार धरला, १५ दिवसांची नोटीस लागली. हरकत आली नाही. मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद प्रमाणित केली.

सत्ताविसाव्या दिवशी रोलर सुरू झाला. त्या संध्याकाळी मी हिंडरन्स रजिस्टरमध्ये पहिल्यांदा ‘जमिनीचा इश्यू’ खोडून गट नंबर, कारण आणि दोन्ही तारखा लिहिल्या. काकांनी वही चाळून पाहिली आणि म्हणाले, “आता उद्यापासून पुढचे अकरा गट काढा.”